बाखचं एकच कोराल, दोन वाद्यं

बाखच्या ‘ओर्गेलब्युशलाइन’ या ऑर्गन-रचनांच्या संग्रहात एफ मायनर स्वरश्रेणीतलं एक छोटं कोराल आहे, म्हणजे चर्चच्या स्तोत्राच्या धुनेवर रचलेला तुकडा; बाखच्या रचनांच्या सूचीत त्याचा क्रमांक बीडब्ल्यूव्ही 639. ते मी पियानोवरही वाजवते आणि चर्चमधल्या नळ्यांच्या ऑर्गनवरही.

पियानोवर हातोडी तारेवर आदळते आणि सूर लगेच विरू लागतो. पण बोटाच्या जोरानं तो लहानमोठा करता येतो, उजवं पेडल त्याला धरून ठेवतं. ऑर्गनवर हे दोन्ही आधार सुटतात. पट्टी कितीही जोरात दाबा, नळी तेवढीच वाजते; बोट उचललं की सूर तुटतो. (पेटीवाल्यांना हे तुटणं चटकन कळेल.) मग उठाव आणायचा कुठून? वेळेतून. महत्त्वाच्या सुराआधी केसभर फट ठेवली, की तोच सूर ठसठशीत वाटतो. बरोकचा, म्हणजे बाखच्या काळातल्या संगीताचा, नेहमीचा स्पर्श असा, सुरासुरांत किंचित श्वास ठेवणारा. पियानोची सवय असलेली बोटं सगळं जोडत जातात आणि चर्चच्या घुमाऱ्यात त्याचा नुसता लगदा होतो.

शिवाय पाय! उजवा हात एका कीबोर्डवर धून गातो, डावा दुसऱ्यावर सोळांशांची, म्हणजे छोट्या जलद सुरांची, ओळ विणतो, खर्ज पाय खालच्या पट्ट्यांवर चालवतात. पियानोवादक-संगीतकार बुसोनीच्या पियानो रूपांतरात हे तिन्ही दोन हातांत मावतं, सुंदरही वाटतं. तरी मला ऑर्गनच हवा. तिथे धुनेचा लांब सूर शेवटपर्यंत खरंच टिकतो.