एमएक्स-५ : १३ महिने, १४,००० किमी आणि ११५ ला थरथरणारं स्टिअरिंग

गाडी २००३ ची मझ्दा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीतली, १.८ लिटरची. मी तिचा चौथा मालक. गेल्या वर्षी मे महिन्यात घेतली तेव्हा १ लाख ३२ हजार किमी झाले होते. राहायला श्टुटगार्टजवळ आहे, त्यामुळे ए-८१ या महामार्गावर झिंगेनच्या दिशेने मोकळा रस्ता मिळाला की पाय आपोआप खाली जातो. छत उघडं, वजन जेमतेम हजार-अकराशे किलो, बसल्यावर ढुंगण रस्त्याला लागेल की काय असं वाटतं. मजेबद्दल तक्रार नाही. ती मजा ताशी ११० किमीपर्यंतच होती, एवढंच.

१०५ पर्यंत काही नाही. ११० ला हाताला मुंग्या. ११५ ते १२५ मध्ये स्टिअरिंग असं थरथरायचं की लग्नातली अंगठी त्याच्या रिमवर टिकटिकायची आणि आरशात मागच्या ट्रकचे चार दिवे आठ दिसायचे. १३५ च्या पुढे पुन्हा शांत. बायको पहिल्याच रविवारी म्हणाली, "मिक्सरमध्ये बसल्यासारखं वाटतंय." शिवाय सरळ रस्त्यावरही गाडी एका रेघेत जात नव्हती. सतत इकडे थोडं, तिकडे थोडं सावरत बसायचं. पुलावर बाजूचा वारा लागला की दोन्ही हात घट्ट.

मी या दोन्हीला एकच आजार समजलो आणि सहा महिने तिथेच घालवले.

टायरवाल्याकडे बॅलन्सिंग केलं. फरक नाही. दुसऱ्याकडे केलं, त्यानेही मशीनवर शून्य-शून्य दाखवलं. तिसऱ्याने सांगितलं की टायर म्हातारे आहेत. ते खरंच होतं, बाजूवरचे चार आकडे २६१४ होते, म्हणजे २०१४ च्या २६ व्या आठवड्यातला माल. नवीन टायर टाकले, १९५/५० आर १५. थरथर निम्मी झाली, पण गेली नाही. मग ऑक्टोबरात हिवाळी टायरचा दुसरा संच चढवला, कंपनीच्या मूळ लोखंडी रिमवरचा, आणि थरथर गायब! मला वाटलं, नव्या टायरना आणि शेवटच्या बॅलन्सिंगला यश आलं. उत्तर तिथेच समोर होतं आणि मी खुशीत होतो.

थरथर गेली तरी भरकटणं होतंच. डिसेंबरात पुण्यातल्या आमच्या गॅरेजवाल्या काकांना व्हिडिओ कॉल लावला. या माणसाने आयुष्यात एमएक्स-५ ला हात लावलेला नाही. माझी सगळी कहाणी ऐकून त्यांनी एकच विचारलं, "अरे, थरथरतंय का भरकटतंय, ते आधी सांग. दोन्ही म्हणू नकोस."

त्यांचा हिशेब सरळ होता. एका ठरावीक वेगाला येते आणि पुढे जाते ती थरथर फिरणाऱ्या वस्तूची : टायर, रिम, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग). या मापाच्या टायरचा एक फेरा सुमारे १.८ मीटरचा, म्हणजे ११५ ला चाक सेकंदाला सतरा-अठरा वेळा फिरतं. दर फेऱ्याला एक धक्का पकडला तर सतरा-अठरा धक्के, आणि पुढचं सस्पेन्शन नेमकं त्या तालावर नाचायला लागतं. त्याच वेगाला चौथा गिअर टाकून बघ. इंजिनाचे फेरे वाढले आणि थरथर तशीच राहिली, तर इंजिनाला दोष नाही. फक्त ब्रेक दाबल्यावर आली तर डिस्क बघ. हातात येते ती बहुधा पुढच्या चाकांची, सीटमध्ये येते ती मागच्या. आणि भरकटणं म्हणजे सांध्यांचा, कोनांचा आणि हवेचा मामला.

जॅक लावला, खाली स्टँड ठेवला, पुढचं उजवं चाक घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवलं. गच्च. तिथे हललं असतं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग नऊ आणि तीनवर धरलं. टक. टक. आवाज इतका बारीक की मोबाईलमधून काकांना आधी ऐकूच गेला नाही. बायकोला चाक हलवायला लावून मी टाय रॉड एंडवर (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडतो तो सांधा) बोट ठेवलं, तर बोटाखाली सांधा उडत होता. रबरी बूट फाटला होता, आतल्या ग्रीसची काळी माती झाली होती. बावीस वर्षांच्या गाडीत हे व्हायचंच, त्यात कंपनीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड बदलले आणि लगेच अलाइनमेंट केलं, कारण हा पार्ट बदलला की टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, बदलतोच. आधीचा कागद बघितला तर पुढची चाकं बाहेर फाकलेली होती, टो-आउट. आता कळलं की शहरात गाडी वळणात इतकी तुरुतुरु का शिरायची आणि मला ते 'स्पोर्टी' का वाटायचं. तेच सरळ रस्त्यावर १२० ला डोक्याला ताप. आता थोडा टो-इन आहे. आणखी एक चूक माझी स्वतःची : पुण्यातल्या हॅचबॅकच्या सवयीने मी २.३ बार हवा भरत होतो. दारातल्या स्टिकरवर १.८ लिहिलंय, २६ पीएसआय. एवढ्या हलक्या गाडीत त्या अर्ध्या बारने टायर दगड होतो. फक्त हवा कमी केली तरी गाडी रस्त्याला जास्त चिकटली.

(वेगातली ढिलाई दर वेळी पुढूनच येते असं मात्र नाही. पहिल्या ऑडी टीटीत १९९९ च्या सुमारास इथल्या ऑटोबानवर अपघात झाले, कारण वेगात मागचा भाग हलका पडायचा. कंपनीने नंतर मागे स्पॉयलर आणि सोबत ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) दिलं. स्टिअरिंग हलकं वाटतंय म्हणून पुढेच शोधत बसाल तर असलं काही सापडणार नाही.)

एप्रिलमध्ये उन्हाळी चाकं चढवली आणि पहिल्याच दिवशी ११५ ला अंगठी टिकटिकली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. टायर नवे, बॅलन्सिंग ठीक, लोखंडी रिमवर थरथर नाही. उरली ती अलॉय रिम, जी आधीच्या कुठल्यातरी मालकाने बाहेरून आणून बसवली होती.

चाक काढून व्हर्नियर लावला. हबचा गोल ५४.१ मिमी. रिमचं मधलं भोक ६७.१. दोन्ही बाजूंना साडेसहा मिलिमीटर हवा! काडेपेटीच्या तीन काड्या एकावर एक ठेवून त्या फटीत घातल्या, आरामात बसल्या. म्हणजे चाक हबवर बसलेलंच नव्हतं, चार नटांवर लटकलेलं होतं. नट शंकूच्या आकाराचे असल्यामुळे कागदोपत्री त्यांनी चाक मधोमध आणायला हवं. पण गाडी जमिनीवर टेकवून नट आवळायच्या गनने घर्रकन आवळले की चाक जिथे असेल तिथेच अडकतं. तीन-तीन मशीनवर शून्य कसं आलं, हे विचारल्यावर काका हसले. "मशीन रिमला त्याच भोकातून स्वतःचा शंकू घालून धरते. तिथे ते मधोमधच फिरणार. गाडीवर ते कसं लटकलंय, हे मशीनला कोण सांगणार?"

उपाय म्हणजे हब आणि रिममधली फट भरणारी सेंट्रिंग रिंग, ६७.१ ते ५४.१, चार नग, १४ युरो. त्याआधी बॅलन्सिंगवर किती गेले ते लिहीत नाही, बायको हे वाचते. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला, रिंग बसवली, चाक हवेत असतानाच नट समोरासमोर हाताने आवळले आणि खाली टेकवल्यावर टॉर्क पान्याने ११० न्यूटन मीटरला घट्ट केले. त्याच संध्याकाळी ए-८१ वर १४० पर्यंत गेलो. आरशात ट्रकचे दिवे चारच.

गेल्या महिन्यात मात्र पुन्हा ११८ ला टिकटिक. पोटात गोळा आला. घरी येऊन पुढचं डावं चाक काढलं तर रिंगच नाही. आदल्या शनिवारी रिम धुतले होते. रिंग सापडली बादलीच्या तळाशी, स्पंजाखाली.