देवबागचे गरवणे आणि सुनामी बेट : सात महिन्यांनंतरचा अनुभव

ऑक्टोबर ते एप्रिल या काळात मालवणजवळच्या देवबागहून एकाच होडीने आम्ही सहा वेळा गेलो. सकाळी कर्ली नदीच्या मुखाशी आणि खडपांच्या (पाण्यातल्या खडकांच्या) आसपास गरवायचे, म्हणजे गळाने मासे धरायचे, मग सुनामी बेटावर उतरून जेवायचे, डुंबायचे, असा दिवसभराचा बेत असतो. आता माझे मत असे झाले आहे की, हा दिवस चांगला जाणे होडीपेक्षा आणि गळापेक्षा तिथीवर अधिक अवलंबून असते, आणि होडी ठरवताना नेमकी तीच कोणी विचारत नाही.

पहिली फेरी आम्ही रविवार पाहून ठरवली, ती निघाली पौर्णिमेची. तिथीच्या आकड्याची (पौर्णिमेचा पंधरा) पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमेला ती अकराच्या पुढे येते. सुनामी बेट म्हणजे मुळात नदीच्या मुखातला वाळूचा दांडा, त्यामुळे ऐन जेवणाच्या वेळी ते पाण्याखाली होते आणि मुलांना होडीतच डबे उघडून द्यावे लागले. पौर्णिमेच्या उधाणाच्या ओढीत दोरीला वजन म्हणून बांधलेले शिसे तळाला टिकेना, दोरी तिरपी वाहत जाई, आणि दोन गऱ्या (गळाचे आकडे) खडपात अडकून तुटल्या.

दुसऱ्या खेपेस आम्ही अष्टमी धरली. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास. "तात्यानू, आज काय गावतला?" असे मी होडीवाल्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आज भांग आसा, शिसा तळाक बसतला." भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची, कमी ओढीची भरती-ओहोटी. आणि तसेच झाले. सोललेली कोळंबी लावून दोरी तर्जनीवर घेतली की मुडदुशा या लहान माशाची बारीक टकटक बोटाला स्पष्ट कळते. तांबोसा हा मासा मात्र टकटक करत नाही, एकदाच ओढतो आणि थेट खडपाच्या कपारीकडे धावतो, तिथे तो शिरायच्या आत दोरी आवळली नाही तर गरीसकट गेला. डिसेंबरात दीड किलोचा एक मिळाला, तेव्हा तर्जनीवर पडलेला चरा आठवडाभर होता. भांगाच्या ओहोटीला बेट उधाणासारखे लांबच लांब उघडे पडत नाही, पण चटई अंथरण्यापुरती वाळू आणि गुडघाभर स्वच्छ पाणी मिळते, आणि मुलांना तेवढे पुरते.

बेटावर सावली नाही, छत्री न्यावीच. समुद्राकडच्या कडेला ओहोटीची ओढ फसवी असते, म्हणून पाण्यात फक्त आतल्या बाजूला उतरावे. मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे आहेत का, हे निघण्यापूर्वी विचारावे. पहिल्या फेरीत ती नव्हती, आम्ही आग्रह धरल्यावर पुढे आणली गेली.

दुकानातून घेतलेल्या गळकाठीचे रीळ तिसऱ्या महिन्यातच गंजून अडकले, आणि खाऱ्या पाण्याचे कारण सांगून विक्रेत्याने ते बदलून दिले नाही. समुद्रासाठी म्हणून विकलेल्या वस्तूबाबत हे उत्तर मला अजिबात पटलेले नाही. तेव्हापासून मी साधी हातदोरीच वापरतो आणि घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुऊन वाळवतो; ती आजही पहिल्यासारखी आहे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि पावसात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. ऑक्टोबरातल्या अष्टमीसाठी तात्यांना आताच सांगून ठेवले आहे.