मानेवर मान बसली पाहिजे

नातीच्या वाढदिवसाला मोती चौकातून पत्त्यांचा हा डबा आणला. ३४९ रुपये. आत ६० पत्ते, म्हणजे २० प्राण्यांची डोकी, धडं आणि मागचे भाग, पाय-शेपटीसकट. तीन पत्ते शेजारी लावले की एक नवाच प्राणी उभा राहतो. डब्यावर खेळाचं नाव काय छापलंय ते आता कुणाच्या लक्षात नाही, आमच्याकडे त्याला ‘डोकं-धड-शेपूट’च म्हणतात.

शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, त्यामुळे माझी नजर आधी जोडावर. इथे चित्रकाराला दाद द्यायला हवी. मान आणि कंबर प्रत्येक पत्त्याच्या कडेला बरोबर एकाच रुंदीची ठेवलीय. बैलाच्या धडावर बेडकाचं डोकं असं बसतं की गोठ्यातच जन्मलंय वाटावं. घोळ फक्त जिराफाचा. मान डोक्याच्या पत्त्यात मावेना, म्हणून अर्धी धडाच्या पत्त्यात ढकललीय. वर उंदीर लावा नाहीतर पोपट, मान लांबच राहते. मी वैतागलो, पोरं मात्र यालाच सगळ्यात जास्त हसली.

नियमांचा कागद वाचून मला ताप आला. मराठीत छापलाय, पण ‘खेळाडूने आपले वळण घ्यावे’ असली मराठी! अहो, पाळी म्हणा, डाव म्हणा. शिवाय प्रत्येक पत्त्याला गुण, सिंहाला ९ आणि सशाला २. का बरं? ससा काही नापास झालेला नाही.

दुसऱ्याच डावाला पोरांनी गुण सोडले. तिन्ही प्राण्यांतून एक नाव जुळवायचं, तो काय खातो, कुठे झोपतो ते सांगायचं, अडखळला की पत्ते परत. म्हशीचं डोकं, गरुडाचं धड, कासवाचे पाय: ‘म्हैगकास’. राहतो कुठे? ‘कास पठारावर. आजोबा, नावातच आहे की!’ पत्त्यांना हात न लावणारी आमची ही रात्री घुबडरेडा घेऊन बसली होती आणि तो पिठाच्या गिरणीत झोपतो यावरून नातवाशी भांडत होती.

पुढच्या रविवारी सगळ्यांना देगावजवळ पाटेश्वरला नेलं. तिथे अग्निवृषाची मूर्ती आहे, माणूस आणि बैल एकाच दगडात. चार शिंगं, दोन तोंडं, सात हात, तीन पाय. ऋग्वेदातल्या एका ऋचेत नेमके हेच आकडे आहेत. नातीनं हात दोनदा मोजले. मी आपला जोड शोधत उभा.

पत्त्यांचा कागद मात्र पातळ. साताऱ्याच्या पावसात आठवड्याभरात फुगले, आता पिसताना अडकतात. चारच भिडूंची सोय आहे, पाचवा आला की रुसवा ठरलेला. आणि प्राणी निवडले कुणी? पेंग्विन आहे, कांगारू आहे, पण गवा नाही. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, तोही नाही. पैसे वाया गेले असं म्हणणार नाही, पण या किमतीत कागद तरी जाड हवा होता.

शेवटी जुन्या लग्नपत्रिका कापून दोन्ही प्राणी मीच काढले. गवा झकास बसला. शेकरूची शेपटी मात्र पत्त्याबाहेर चार बोटं जाते आणि नात ती कापू देत नाही.