इबोलाच्या संपर्कानंतरचे २१ दिवस आणि 'केअर किट': साधन चांगलं, पण अर्धं

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने, इबोलाची साथ चालू असलेल्या गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकी देशांमधून येणाऱ्या प्रवाशांना विमानतळावरच एक किट द्यायला सुरुवात केली. पूर्ण नाव 'चेक अँड रिपोर्ट इबोला', थोडक्यात 'केअर किट'. या देशांतून येणारे प्रवासी न्यूयॉर्क जेएफके, नेवार्क, वॉशिंग्टन डलेस, शिकागो ओहेअर आणि अटलांटा या पाच विमानतळांवरूनच आत घेतले जात होते. किट फुकट होतं. आत एक डिजिटल थर्मामीटर, २१ दिवसांचा नोंद तक्ता, लक्षणांचं चित्रांसह पत्रक, आरोग्य विभागांचे फोन नंबर, दवाखान्यात दाखवायचं कार्ड आणि पुढे प्रीपेड मोबाइल फोनही. परतणाऱ्यांमध्ये इबोलाच्या वॉर्डात राबून आलेले डॉक्टर आणि नर्सही होते. इथे किटचं मोजमाप त्यांच्याच बाजूने केलं आहे: रुग्णाच्या संपर्कात आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला स्वतःची जबाबदारी नीट पार पाडायला हे किट किती उपयोगी पडतं?

आमच्या मते पाचपैकी साडेतीन. वस्तू योग्य निवडल्या आहेत. उणीव आहे ती किटच्या दोन्ही टोकांना: संपर्क आल्यानंतरची पहिली काही मिनिटं, आणि फोन उचलणारा माणूस.

आधी थर्मामीटर, कारण सगळी मदार त्याच्यावर आहे. किटमध्ये तोंडात धरायचा थर्मामीटर आहे, कपाळासमोर धरायची 'गन' नाही, आणि हा निर्णय अगदी बरोबर आहे. २४ ऑक्टोबर २०१४ रोजी सिएरा लिओनहून परतलेल्या एका नर्सला नेवार्क विमानतळावर थांबवलं गेलं. कपाळावरच्या स्कॅनरने १०१ अंश फॅरनहाइट दाखवलं. नंतर तोंडात थर्मामीटर धरून पाहिलं तर ९८.६. कित्येक तास अडकून पडलेल्या, चिडलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो, कातडी तापते, आणि इन्फ्रारेड यंत्र कातडीच मोजतं. उलटही होतं: घामाने ओलं किंवा एसीच्या झोतातलं कपाळ खरा ताप लपवतं. गर्दीतून झटपट चाळणी लावायला गन ठीक आहे, पण २१ दिवसांच्या नोंदीसाठी ती नको.

तोंडातला थर्मामीटरही नीट धरला तरच खरं बोलतो. टोक जिभेखाली मधोमध नाही, तर जिभेच्या मुळाशी डावीकडे किंवा उजवीकडे जो खोलगट भाग असतो तिथे टेकवायचं. ओठ बंद, दात टोकावर आवळायचे नाहीत, श्वास नाकाने. बीप वाजेपर्यंत बोलायचं नाही. चहा, थंड पाणी, सिगारेट किंवा व्यायाम झाला असेल तर अर्धा तास थांबायचं. नाक चोंदलेलं असेल तर तोंडाने श्वास घेतला जातो आणि रीडिंग कमी येतं. तेव्हा काखेत घ्यायचं, पण तक्त्यात 'काख' असं लिहायचं, कारण काखेतलं रीडिंग तोंडातल्यापेक्षा कमीच असतं. वापरून झाल्यावर टोक अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचं, उकळत्या पाण्यात कधीच बुडवायचं नाही. फॅरनहाइट-सेल्सियस बदलायचं बटण असलं तर पहिल्याच दिवशी एक एकक ठरवून टाकायचं. आणि थर्मामीटर एकट्याचा: घरातल्या लहान मुलाला कणकण आली म्हणून तोच काढून द्यायचा नाही.

आता नोंद तक्ता. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, ताप बघून लिहायचा, सोबत लक्षणांची नोंद. नोकरदार प्रवाशाला हे सोयीचं आहे. रात्रपाळीच्या नर्सची मात्र 'सकाळ' दुपारी दोनला होते, म्हणून तिने रकान्याच्या नावाकडे न बघता बारा तासांचं अंतर पाळावं आणि शेजारी घड्याळातली वेळ लिहावी. निरोगी माणसाचं तापमानही पहाटे सर्वांत कमी आणि दुपार-संध्याकाळी जास्त असतं. त्यामुळे सकाळची तुलना सकाळशी करायची. रोज सकाळी ९७.४ येणाऱ्या माणसाला एखाद्या सकाळी ९९.२ आलं, तर ती बातमी आहे, आकडा मर्यादेच्या आत असला तरी.

तक्त्यातला सर्वांत मोलाचा प्रश्न तापमानाचा नाहीच: तापाचं औषध घेतलं का? पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनने चार ते आठ तास ताप दबून राहतो. शिफ्ट करून पाठ दुखते म्हणून गोळी घेणारे आपल्यात किती आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. सर्दीच्या तयार गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, आणि दमा किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू असेल तर तेही ताप झाकतं. नियम साधा: आधी तापमान, मग गोळी, आणि गोळीची नोंद. गोळीनंतर आलेलं 'नॉर्मल' रीडिंग नुसतं लिहून ठेवणं म्हणजे तक्ता खोटा भरणंच.

दिवस कुठून मोजायचे, यात किट कमी पडतं. ते प्रवाशासाठी बनवलेलं आहे, त्यामुळे देश सोडल्यापासून २१ दिवस. प्रवास न करता आपल्याच रुग्णालयात इबोलाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्याचं घड्याळ शेवटच्या संपर्कापासून चालू होतं, आणि रुग्ण वॉर्डात आहे तोवर प्रत्येक शिफ्टला ते पुन्हा शून्यावर येतं. शेवटची शिफ्ट हा दिवस शून्य, दुसरा दिवस एक. नवीन संपर्क आला की जुना तक्ता फाइलला लावून कोरा घ्यायचा. त्याच कागदावर खाडाखोड करत गेलं की आठवड्याभरात कुणालाच हिशेब लागत नाही. हा २१ चा आकडा आला कुठून? इबोलाचा विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते २१ दिवस लागतात, म्हणून.

लक्षणांचं पत्रक सुटसुटीत आहे: ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, थकवा, उलट्या, जुलाब, पोटदुखी, कारण नसताना रक्तस्राव. पण आरोग्य कर्मचाऱ्याची अडचण माहितीची नसते. 'झोप झाली नाही म्हणून डोकं दुखतंय', 'कँटीनचं बाधलं असेल', 'मलेरिया असणार' असं निदान तो स्वतःच करून मोकळा होतो. आफ्रिकेतून परतलेल्याला ताप आला तर मलेरियाची शक्यता खरोखरच मोठी असते, त्यामुळे हा अंदाज शहाणपणाचाही वाटतो. मात्र त्याची जागा प्रयोगशाळेत आहे, स्वतःच्या डोक्यात नाही. संपर्क आलेल्या माणसाने त्या २१ दिवसांत स्वतःचा डॉक्टर व्हायचं नाही, एवढी एक ओळ पत्रकावर ठळक छापायला हवी होती.

मर्यादेच्या आकड्याचंही तसंच. १००.४ अंश फॅरनहाइट म्हणजे ३८ अंश सेल्सियसला ताप धरायचा, ही व्याख्या आहे. १००.३ असेल तर बाहेर फिरायची परवानगी आहे, असा तिचा अर्थ नाही. गिनीत काम करून न्यूयॉर्कला परतलेले एक डॉक्टर दिवसातून दोनदा तापमान घेत होते. २३ ऑक्टोबर २०१४ च्या सकाळी त्यांना १००.३ दिसलं आणि त्यांनी लगेच कळवलं. तपासणीत इबोला निघाला. आधीच्या दिवसांत ते भुयारी रेल्वेने फिरले होते, बोलिंगला गेले होते, आणि त्यावरून बरंच काहूर माजलं. पण त्यांच्यापासून एकालाही लागण झाली नाही, कारण लक्षणं सुरू होण्याआधी इबोला पसरत नाही. ते बरेही झाले.

याच प्रसंगातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांचं तापमान आधी १०३ म्हणून जाहीर झालं होतं. आकडा उतरवून घेताना घोटाळा झाला होता. फोनवर रीडिंग सांगताना म्हणूनच अंक सुटे सांगायचे: 'एक, शून्य, शून्य, पॉइंट, तीन'. पलीकडच्याने तेच परत म्हणून दाखवायचं. मग एकक, वेळ आणि तोंड की काख. याला अर्धा मिनिटही लागत नाही.

आता किटमधला फोन. ज्याचा पत्ता बदलतोय, ज्याच्याकडे स्थानिक सिम नाही, अशा माणसाचा दोर यामुळे तुटत नाही. कल्पना म्हणून ही आम्हाला सगळ्यात आवडली. पण फोनची किंमत उचलणाऱ्यावर ठरते. अमेरिकेतल्या डॅलस शहरात इबोलाच्या रुग्णाची शुश्रूषा केलेल्या दोन नर्सना लागण झाली. त्यातल्या दुसरीने १३ ऑक्टोबरला क्लीव्हलँडहून विमानात बसण्याआधी कळवलं होतं की अंगात ९९.५ आहे. आकडा मर्यादेखाली म्हणून तिला कुणी थांबवलं नाही. दोन दिवसांत तिचं निदान झालं. तिने आपलं काम केलं होतं; उत्तर देणाऱ्याने फक्त आकडा पाहिला, तिचा संपर्क किती जोखमीचा होता ते पाहिलं नाही. तेव्हा त्या कर्मचाऱ्यांवर स्वतःच लक्ष ठेवण्याची जबाबदारी होती. २७ ऑक्टोबरच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी चित्र बदललं: संपर्काची जोखीम जास्त, काही, कमी अशी वर्गवारी झाली, आणि इबोलाच्या रुग्णांची सेवा केलेल्यांना, पीपीई (संसर्गापासून बचाव करणारा पोशाख) घातलेलं असलं तरी, आरोग्य विभागाच्या माणसाने दिवसातून किमान एकदा प्रत्यक्ष पाहायचं ठरलं. किटसोबतची खरी सेवा ही आहे, आणि ती मिळाली तरच किट पुरतं.

दवाखान्यात दाखवायच्या कार्डाला पैकीच्या पैकी गुण. डॅलसचा पहिला रुग्ण सप्टेंबरच्या अखेरीस इमर्जन्सीत आला, आफ्रिकेहून आल्याची नोंद नर्सने केली, तरी त्याला अँटिबायोटिक्स देऊन घरी पाठवलं गेलं. नोंद होती, पण निर्णय घेणाऱ्याच्या नजरेत ती भरली नाही. कार्ड थेट डॉक्टरच्या डोळ्यांसमोर धरता येतं. तरीही ते घेऊन इमर्जन्सीच्या दारात उभं राहणं हा शेवटचा मार्ग. ताप किंवा लक्षण दिसलं तर क्रम असा: खोलीचं दार लावा, घरच्यांना लांब राहायला आणि वेगळं शौचालय वापरायला सांगा, दिलेल्या नंबरवर फोन करा, आणि सांगतील ते वाहन येईपर्यंत थांबा. बस, टॅक्सी, स्वतःची गाडी यातलं काही नाही. ॲम्ब्युलन्स बोलवावीच लागली तर 'इबोलाचा संपर्क' हे शब्द पहिल्या वाक्यात, म्हणजे येणारे लोक पीपीई चढवून येतील. पहिली पीसीआर (रक्तातला विषाणू शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आली म्हणून सुटका समजू नका. लक्षणं सुरू होऊन ७२ तास झालेले नसतील तर रक्तात विषाणू सापडेलच असं नाही, चाचणी पुन्हा करावी लागते. सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाउनमध्ये काम करणाऱ्या एका सर्जनची पहिली चाचणी निगेटिव्ह आली होती. नंतरची पॉझिटिव्ह आली, आणि १७ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेतल्या नेब्रास्कात त्यांचं निधन झालं.

किटमध्ये जे नाही आणि रुग्णालयाने स्वतः घालायला हवं, ते म्हणजे पहिल्या मिनिटांचं पान. सुई टोचली किंवा डोळ्यात काही उडालं की हातातलं काम सुरक्षितपणे थांबवायचं. पीपीई घाईने ओरबाडून काढायचं नाही, सोबत्याच्या देखरेखीखाली नेहमीच्याच क्रमाने उतरवायचं, कारण घाईतच तोंडाला हात लागतो. जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, तिच्यावर ब्लीच ओतायचं नाही. डोळा भरपूर पाण्याने किंवा सलाइनने धुवायचा. मग लगेच वरिष्ठांना सांगायचं आणि लिहून ठेवायचं: वेळ, सुई पोकळ की भरीव, कोणता द्रव, हातमोजे एक की दोन. शिफ्ट संपल्यावर सांगतो म्हणणाऱ्याचं प्रतिबंधक उपचाराचा विचार करण्याचं मोलाचं अंतर वाया जातं.

आणखी एक उणीव पगाराची. ताप कळवला की २१ दिवस बिनपगारी घरी बसावं लागणार असेल, तर सफाई कर्मचारी किंवा कंत्राटी वॉर्डबॉय थर्मामीटर खिशातच ठेवेल, आणि दोष त्याला देऊन भागणार नाही. किटसोबत भरपगारी रजेचं, सहीशिक्क्याचं पत्र हवं. सक्तीने कोंडण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. नेवार्कमध्ये तंबूत ठेवलेल्या त्या नर्सच्या प्रकरणात अमेरिकेतल्या मेन राज्याच्या न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी तेच मानलं: रोजची प्रत्यक्ष तपासणी, प्रवासाआधी समन्वय आणि लक्षण दिसताच कळवणं, एवढं बंधनकारक; घरात डांबणं नाही.

किट दुसऱ्या रोगांसाठी वापरताना जपून. मारबर्गला (इबोलासारखाच विषाणूचा ताप) जसंच्या तसं चालेल, अधिशयन काळ, म्हणजे विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, तोच आहे. मर्स या कोरोना विषाणूच्या श्वसनरोगासाठी १४ दिवस पुरतात, पण पत्रकावर खोकला आणि धाप वर यायला हवेत. लक्षणं दिसण्याआधीच पसरणाऱ्या कोविडसारख्या रोगात मात्र थर्मामीटरच्या भरवशावर कामावर जाऊ नये, कारण या किटचा सगळा तर्क 'लक्षण नाही तर संसर्ग नाही' यावर उभा आहे.

विकत घेऊन स्वतः जुळवणार असाल तर थर्मामीटर दोन ठेवा, एक सुटी बॅटरी, अल्कोहोलचे बोळे, २१ ओळींचे तीन कोरे तक्ते आणि लॅमिनेट केलेलं कार्ड. नंबर छापण्याआधी रात्री दोन वाजता तो लावून बघा, कोण उचलतं ते. एकविसाव्या दिवसाचं संध्याकाळचं रीडिंग कळवून झालं की तक्त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि मूळ प्रत इन्फेक्शन कंट्रोलच्या नर्सकडे सही घेऊन जमा करा.