५३५ च्या पैशात साठचा बोअर

मी वाळूज एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर हातात डायल बोअर गेज, म्हणजे भोकाचा व्यास मोजायचं यंत्र. बोअर, म्हणजे तो व्यास, दहा मायक्रॉन इकडचा तिकडं झाला की मी लॉट परत पाठवतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना हसू आलं तर मोकळेपणानं हसा.

आमच्या अण्णांची बुलेट आहे, १९८८ ची. ३५० सीसी, बिडाचा बॅरल (म्हणजे सिलिंडर), गिअर उजव्या पायात. पैठणहून जाऊन-येऊन अण्णांनी तिच्यावर अख्खी नोकरी काढली. एकदा खालून दगड लागून क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, चिरली, तर ती वेल्डिंग करून घेतली. डाव्या अंगाला दीड इंचाची शिवण राहिली. लहानपणी गाडी पुसायचं काम माझ्याकडं होतं, त्यामुळं ती शिवण बोटांना पाठ आहे.

गेल्या उन्हाळ्यात बिडकीनच्या अलीकडं इंजिनातून ठोके यायला लागले. मिस्त्रीनं नुसतं ऐकून सांगितलं, क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा, गेला. आणि लगेच दोन रस्ते दाखवले.

"भाऊ, जुनं इंजिन अठ्ठावीस हजाराला देतो. आज टाका, उद्या फिरा. पण आतून कुणी किती घासलंय, आपल्याला काय ठाऊक? त्यापरीस तुमचंच इंजिन ५३५ करून बांधू. नवा क्रँक, नवा बॅरल, समदं नवं. घाट टॉपात चढंल."

बोलणं पटण्यासारखं होतं, खोटं त्यात काहीच नव्हतं. ३५० चा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टन वरखाली जातो ते अंतर) ९०. ५०० चा स्ट्रोकही ९० च, बोअर तेवढा ८४. तोच ८७ केला की ५३५ सीसी भरतात. म्हणजे स्ट्रोकला हात न लावता बॅरल, पिस्टन, हेड मोठं करायचं आणि क्रँककेसचं तोंड मशीनवर मोठं करून घ्यायचं. हिशेब मी स्वतः कागदावर मांडला आणि खूश झालो. जुन्या इंजिनाच्या पोटात काय आहे ते दिसत नाही, नव्यातलं सगळं आपल्या डोळ्यांसमोर, असा विचार. ७२ हजार ठरले, ५० हजार तीन हप्त्यांत आधीच दिले.

अडीच महिने गाडी तिथं. अधूनमधून व्हॉट्सॲपवर फोटो यायचे: चकचकीत पिस्टन, नवा बॅरल, होनिंगच्या तिरप्या रेघा. मी ते कंपनीत मित्रांना दाखवायचो. एका फोटोत बॅरलखाली पांढरी टाइल्सची फरशी होती. मिस्त्रीच्या गॅरेजात ऑइलनं काळा पडलेला कोबा आहे, हे मी दहा वेळा पाहिलेलं. तरी डोक्यात उजेड पडला नाही.

गाडी मिळाली तेव्हा इंजिन चांदीसारखं. सँडब्लास्ट, वरून रंग, नवे नटबोल्ट. आवाज गोड. उरलेले २२ हजार दिले. निघताना मिस्त्री म्हणाला, "पाचशे किलोमीटर दामटायची नाही बरं का, रनिंगमध्ये आहे." नवीन बांधलेल्या इंजिनाला हे सगळेच सांगतात, आणि खरंच सांगतात. पण त्याचा दुसरा उपयोग नंतर कळला. महिना-दीड महिना गिऱ्हाईक ताकद आजमावत नाही, तोवर पैसे जिरलेले असतात.

पाचशे किलोमीटर झाले. मग दौलताबादहून खुलताबादकडं निघालो. घाटात टॉप सोडाच, तिसऱ्यातही धापा टाकायला लागली. एका वळणावर दोघं पोरं साध्या ३५० वर मला ओलांडून गेली. बाजूला थांबवून कार्बोरेटर पाहिला, तर जुनाच, २४ मिलिमीटरचा. पाचशेलाच कंपनी २८ चा देत होती, मग ५३५ ला २४ नं कसं भागणार?

रविवारी टाकी उतरवली, हेड काढलं. व्हर्निअर लावला : ७१.५. पुन्हा लावला. तेवढाच. पेट्रोलच्या फडक्यानं पिस्टनच्या माथ्यावरची काजळी पुसली तर खाली ठसा, ०६०. म्हणजे साठचा, मूळ मापापेक्षा ०.०६० इंचानं मोठा, ओव्हरसाइज पिस्टन, ३५० चा शेवटचा बोअर. यानंतर बॅरलला स्लीव्ह घालायची नाहीतर बॅरल बदलायचा. हिशेब केला, ३६१ सीसी. ज्या जुन्या इंजिनाला अठ्ठावीस हजारांत नको म्हणालो, तसलंच ७२ हजारांत घेऊन आलो होतो.

मग सवयीनं हात खाली गेला. डावी बाजू गुळगुळीत. शिवणच नाही. म्हणजे बॅरल सोडा, अख्खी क्रँककेस परकी. टॉर्च धरून इंजिन नंबर पाहिला. आरसीवरचाच होता, पण आकडे खालीवर, आणि भोवतालची जागा घासून सपाट केलेली.

जाऊन विचारलं. आधी म्हणाला, "तुमचंच हाय, पॉलिश केल्यानं वळखू येईना." शिवणीचं सांगितल्यावर सूर बदलला. "तक्रार कुठं करता भाऊ? ३५० ची ५३५ करायला टाकली होती म्हणून सांगताल का?" इथं मी गप्प झालो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. माझी मागणीच वाकडी होती आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या मते असे लोक परफॉर्मन्सवाली गिऱ्हाइकं निवडतात ती याचसाठी. साध्या बोअर-पिस्टनचं काम करून घेणारा चारचौघांत भांडतो, आम्ही भांडत नाही.

तरी नंबर खोडलेलं इंजिन घरात ठेवायची हिंमत झाली नाही. उद्या ते चोरीच्या गाडीचं निघालं तर उत्तर मलाच द्यावं लागणार, आणि २०२८ ला आरसीचं नूतनीकरण आहे, तेव्हा इंजिन नंबर तपासणारच. पोलिसांत लेखी अर्ज दिला, त्यात ५३५ चंही खरं लिहिलं. आमच्या मामांनी मध्ये पडून तीस हजार परत मिळवून दिले. बाकीचे बुडाले असं धरलंय.

तुमचं इंजिन कुठं खोलायला देणार असाल, तर देण्याआधी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्या आणि केसवर आतून कुठंतरी स्वतःची खूण करा. हेड बसवायच्या दिवशी सुट्टी टाकून समोर बसा. बॅरल उघडा असताना व्हर्निअर लावायला दोन मिनिटं लागतात. काढलेला जुना माल पोत्यात भरून घरी आणा, भंगारात तुम्हीच विका. आणि जुनं इंजिन घ्यायचं तर ज्या गाडीतून काढलं तिची कागदं आधी, पैसे नंतर, आणि बसवल्यावर आरटीओत नोंद. तेवढं केलं असतं तर अठ्ठावीस हजारांचंही वाईट नव्हतं.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही. गाडी आच्छादनाखाली आहे, ते विचारतात, मी पार्ट यायचाय म्हणतो. मिस्त्री म्हणतो अण्णांची क्रँककेस भंगारात गेली, पण वेल्डिंग असलेली का होईना, चालती केस कोणी भंगारात टाकत नाही. जुन्या ३५० चं इंजिन कुणी घेतलं असेल, तर एकदा खाली डाव्या अंगाला हात फिरवून पाहा. दीड इंचाची शिवण लागली तर सांगा, जी किंमत म्हणाल ती देतो.