सातपूरचं सेफ्टीचं दुकान: द्राक्षवाल्यांनी जावं का?

हे दुकान शेतकऱ्यांसाठी नाही, हे आधीच सांगते. नाशिकच्या त्र्यंबक रोडवरून सातपूर एमआयडीसीत आत वळलं की कारखान्यांना हेल्मेट, बूट, हातमोजे पुरवणारी काही दुकानं लागतात, त्यातलं हे एक. नाव लिहू नका असं मालकांनीच सांगितलंय. शेतकरी यायला लागले की उधारीची वही उघडावी लागते म्हणे. आमची दिंडोरी तालुक्यात थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे, माल युरोपला जातो. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर पेस्ट (छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून लावतात ते औषध) लावणाऱ्या मजुरांच्या टोळीसाठी हातमोजे हवे होते, म्हणून गेले.

औषधाच्या दुकानात आपल्याला नेहमी विचारतात, "किती एकर?" इथे मालकांनी विचारलं, "ताई, लावणार काय?" हायड्रोजन सायनामाइड, म्हणजे पेस्टमधलं रसायन, म्हटल्यावर त्यांनी एसडीएस (सेफ्टी डेटा शीट, रसायनाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारा कागद) मागितला. माझ्याकडे कुठला! आमच्या नेहमीच्या औषधवाल्याला मी पूर्वी विचारलं होतं, तर तो म्हणाला, असलं काही येत नाही. यांनी मी दाखवलेल्या लेबलच्या फोटोवरून कंपनीच्या साइटवर शोधलं, प्रिंट काढली आणि पेन घेऊन थेट आठव्या कलमावर गेले. 'ते नेहमी आठव्यातच असतं,' म्हणाले. हातात काय घालायचं, तोंडाला काय लावायचं, डोळ्यांचं काय, सगळं त्यात.

नेहमी आठव्यातच का, तर या कागदाची सोळा कलमं आणि त्यांचा क्रम संयुक्त राष्ट्रांनी ठरवून दिलाय. 2003 साली जीएचएस नावाची, रसायनांचे धोके सगळीकडे एकसारखे दाखवायची पद्धत आली. रसायन कुठल्याही देशात बनो, धोक्याची चिन्हं तीच आणि कागदाचा साचा तोच. लाल चौकटीतली कवटी, ज्वाळा, हातावर सांडणारं ॲसिड, अशी नऊ चिन्हं आहेत. कारखान्यांच्या ड्रमांवर ती सर्रास दिसतात. आपल्या औषधाच्या डब्यावर मात्र 1971 च्या कीटकनाशक नियमांतला रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तो वाईट नाही, न वाचताही कळतो. पण त्रिकोण फक्त किती जहाल ते सांगतो. मोजा कापडाचा चालेल की रबरी, ते डब्यातल्या पत्रकात असायला हवं. ते पत्रक आठ घड्यांचं, अक्षर मुंगीएवढं. बागेत ते उघडून वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता मोजे. मी दरवर्षी घ्यायचे ते पातळ पिवळे, भांडी घासायचे. यांनी काउंटरवर तीन प्रकार ठेवले आणि मनगटाजवळचा छाप दाखवला. हातोड्याचं चित्र असेल तर तो मोजा घासण्या-कापण्यापासून वाचवतो, चंबूचं चित्र असेल तर रसायनापासून. सुती मोजा तर पेस्टच्या कामाला सगळ्यात वाईट. औषध पितो आणि दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतो. मी घेतले नायट्राइल रबराचे, कोपरापर्यंत येणारे, 0.38 मिमी जाडीचे, 190 रुपये जोडी. याहून जाड निओप्रीनचे होते, पण त्यात काडीवरचा डोळा बोटाला लागत नाही. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळीतल्या एका मावशींनी नमुन्याची जोडी घालून बघितली आणि लगेच काढली: "वहिनी, यात डोळा मोडंल, मग तुम्हीच ओरडाल." नायट्राइलला त्यांनी मान डोलावली.

त्या छापील कागदावरची सगळ्यात कामाची ओळ मोज्यांची नव्हतीच. पेस्टच्या आदल्या दिवसापासून ते नंतर कित्येक दिवस दारू पिऊ नये, ही ती ओळ. हे रसायन शरीरात गेलं असेल तर दारू पचवण्याची क्रिया मध्येच अडते. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, दम लागतो. टोळीतले गडी संध्याकाळी काय करतात हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आणि त्रास झाला की आपण म्हणतो, ऊन लागलं.

मला चिडायला झालं ते इथे. युरोपने हायड्रोजन सायनामाइडला 2008 मध्येच परवानगी नाकारली, ती मुख्यतः लावणाऱ्या माणसाच्या काळजीपोटी. आमच्याकडून घेतलेल्या द्राक्षाबाबत मात्र कोणी विचारत नाही, कारण पेस्ट लागते छाटणीनंतर आणि मण्यात त्याचा अंश सापडायचा प्रश्न येत नाही. याउलट क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक बघा. 2020 मध्ये युरोपने मालातल्या त्याच्या अंशाची मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आणली, म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम, आणि आपण सगळे एका हंगामात शिस्तीत आलो. 2010 ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले तेव्हाही तसंच. 2025 मध्ये जिनिव्हात क्लोरपायरिफॉस स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात टिकून राहणारी घातक रसायनं बंद करायच्या जागतिक कराराच्या, यादीतही गेलं, सवलतींसकट. खाणाऱ्याच्या पोटापर्यंत जगाचं सहकार्य छान पोचतं, लावणाऱ्याच्या हातापर्यंत येताना त्याला उशीर होतो. रॉटरडॅम करारात (घातक रसायनं देशात येण्याआधी त्या देशाला कळवायचा करार) पॅराक्वाट या तणनाशकाचं नाव यादीत घालायला कितीतरी बैठका झाल्या, पण एकमत लागतं म्हणून ते अडतं, आणि अडवणाऱ्यांत आपला देशही होता. 2023 मध्ये बॉनला नवा आराखडा झाला, त्यात शेतीतली अतिघातक औषधं 2035 पर्यंत हटवायची म्हटलंय. तेही ऐच्छिक, शिवाय 'जिथे धोका आटोक्यात नाही आणि परवडणारा पर्याय आहे तिथे' अशी शेपटी लावून. यवतमाळला फवारताना माणसं गेली ते 2017 साल होतं. जगाचं हे सहकार्य हातापर्यंत पोचेतोवर मोजे आपणच घ्यायचे आहेत.

असो, दुकानाकडे येते. ब्लोअर (ट्रॅक्टरवरचं फवारणी यंत्र) चालवणाऱ्यासाठी मास्कही घेतला, अर्ध्या चेहऱ्याचा, दोन डबड्यांचा. कागदी मास्क थेंब-धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी तपकिरी पट्ट्याचं डबडं, त्यावर पांढऱ्या पट्ट्याचा फिल्टर. 1,150 रुपये. डबडी काम झाल्यावर बंद पिशवीत ठेवा, नाहीतर शेडमध्ये टांगल्या टांगल्या संपतात, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

तक्रारीही आहेत. मोजे आठ, नऊ, दहा नंबरचेच. सगळा माल पुरुषांच्या हाताच्या मापाचा, आणि पेस्ट लावणारे निम्मे हात बायकांचे. मोठा मोजा बोटांच्या टोकाला लोंबतो आणि त्यातून पेस्ट आत ओघळते, म्हणजे न घातल्यापेक्षा वाईट. सात नंबर मागवून देतो म्हणाले, पण डझनाखाली नाही. एप्रन घेतला तो पीव्हीसीचा, ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी बाराला कोणीही अंगावर ठेवला नाही, पैसे वाया. मास्कबरोबरचं माहितीपत्रक फक्त इंग्रजीत. उघडलेला माल परत घेत नाहीत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. गाडी लावायला जागा नाही, ट्रकच्या मागे उभी करून फोन हातात धरून बसावं लागतं.

पाचपैकी चार. जाणार असाल तर छाटणीच्या पंधरा दिवस आधी जा, औषधाच्या लेबलचे दोन्ही बाजूंचे फोटो न्या आणि टोळीतल्या बायकांच्या हातांची मापं कागदावर काढून न्या. रोख किंवा यूपीआय. उधारीचा विषय काढू नका.