‘स्वच्छ’ची घरोघरी कचरा सेवा, पुणे – पाचपैकी पाच, पण अर्धं काम आपलंही आहे

पुण्यात नवीन राहायला आलेल्या कुणीही विचारलं की कचऱ्याचं काय करायचं, तर मी एकच सांगते, ‘स्वच्छ’च्या ताई तुमच्या भागात येत असतील तर त्यांनाच द्या. ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, १९९३ मध्ये सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेतून उभी राहिलेली, आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन दारोदार कचरा घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं. आमच्याकडे येणाऱ्या ताई ओला आणि सुका वेगवेगळा घेतात, एकात एक ओतत नाहीत. मग पार्किंगच्या मागे बसून सुका परत निवडतात, पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा, बाटल्या वेगळ्या, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. यंत्र वगैरे काही नाही, सगळं हाताने आणि नजरेने, आणि तेही इतक्या भराभर की बघत राहावं.

आता मुद्द्याचं. घराघरातून मिळणारी फी आणि हा सुका माल विकून येणारे पैसे, यावर त्यांची कमाई असते. म्हणजे आपण सुक्याच्या डब्यात उरलेली आमटी असलेला पार्सलचा डबा टाकला तर ती आमटी त्याखालच्या सगळ्या रद्दीत झिरपते आणि नुकसान थेट ताईंच्या खिशाला. मी त्यांना पुठ्ठा अंगठ्याने दाबून बघताना पाहिलंय, दबला की बाजूला, कारण ओल्या पुठ्ठ्याचं वजन भंगारवाला कापतो नाहीतर घेतच नाही.

त्यामुळे ही सेवा घेताना काय करायचं ते सांगते, यातलं बरंच मी ताईंकडूनच ऐकलंय. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लोंबता ठेवायचा, कारण तो एवढासा तुकडा ओल्यात जातो आणि खतात तसाच्या तसा सापडतो. पिशवी भांडी धुतानाच्या पाण्यात एकदा खंगाळून सिंकच्या कडेला पालथी घालायची, साबण लागत नाही, फक्त वाळली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी वास आणि माश्या. पिझ्झाच्या बॉक्सचं वरचं झाकण कोरडं असतं ते फाडून सुक्यात टाका, तळाचा चीज आणि तेल लागलेला भाग रद्दीत नको. टिश्यू, एटीएमची ती गुळगुळीत पावती, कागदी कप हे कागदासारखे दिसतात पण रद्दीत चालत नाहीत. चिप्सची आतून चंदेरी पाकिटं सुक्यातच द्या पण त्यांना बहुतेक भाव नसतो हे माहीत असू द्या, म्हणजे ताईंनी ती वेगळी ठेवली की लोक उगाच कुरकुर करणार नाहीत. आणि हार निर्माल्यात टाकताना दोरा, जरीची तार आणि प्लास्टिकची फुलं काढून टाका ना, ओल्याचं खत होणार असतं, त्यात जरीची तार कशी कुजेल?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॅड आणि डायपर. हे कागदात घट्ट गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळं द्यायचं. घनकचऱ्याच्या सरकारी नियमांतही सॅनिटरी कचरा गुंडाळून द्या असं स्पष्ट आहे, तरी आमच्याच बिल्डिंगमध्ये शिकली सवरलेली माणसं काळ्या पिशवीत सगळं एकत्र कोंबून गाठ मारून ठेवतात आणि ती गाठ कुणीतरी हाताने सोडणार असतं. फुटलेली काच पण तशीच, पेपरमध्ये गुंडाळा, वर ‘काच’ लिहा, हातात द्या. याचा मला खरंच संताप येतो.

तुलना करायची तर माझी बहीण राहते तिथल्या सोसायटीने खासगी कंत्राटदार लावलाय, दाबून कचरा भरणारी गाडी येते. घरात दोन डबे, गाडीत मात्र एकच पोट. ओल्याचं पाणी दाबाखाली सगळ्या कागदात जातं, मग घरी कितीही धुवून वाळवून ठेवा, त्या पुठ्ठ्याचा कागद काही होत नाही. दिसायला टापटीप, गाडी चकाचक, पण घरातली सगळी मेहनत गेटवर संपते.

आणखी एक, जुने कपडे, चपला, बिघडलेलं मिक्सर, वायरी असल्या गोष्टी रोजच्या डब्यात कोंबू नका. ‘स्वच्छ’चा ‘वी कलेक्ट’ उपक्रम असतो त्यात द्या, आमच्या माळ्यावरचं बरंच सामान त्यातूनच गेलं. आणि तुमची सोसायटी असेल तर ताईंना निवडायला वर पत्रा असलेली जागा, एक नळ आणि एक दिवा द्या. पावसाळ्यात उघड्यावर बसून निवडायचं म्हटलं तर आपण कोरडा दिलेला कागदही तिथेच भिजतो. आमच्याकडे पत्रा आहे, नळ अजून नाही, या मीटिंगला मी तो विषय लावून धरणार आहे.